कामाची माणसं, स्पॅनिशमध्ये

स्पॅनिशच्या कुठल्याही नवशिक्या पुस्तकात नाव-गाव-देश सांगून झालं की धडा येतो तो व्यवसायांचा. चित्रं ठरलेली. पांढरा कोट घातलेला डॉक्टर, उंच टोपीतला स्वयंपाकी, हातात पाना घेतलेला प्लंबर, फळ्यापुढे उभ्या बाई. खाली दोन रकाने, एक पुरुषाचा, एक बाईचा. बहुतेक वर्गांत हा धडा एका संध्याकाळी उरकतात. माझा तो काही वर्षं चालला. वर्गात सुरू झाला, मंडईत मुरला, परीक्षेत कामाला आला आणि बांधकामाच्या साइटवर पुन्हा पहिल्यापासून उघडावा लागला.

मी सांगलीच्या वालचंद कॉलेजची सिव्हिल इंजिनिअर. पुण्यात पुलांच्या डिझाइनचं काम करत होते, नवऱ्याची बदली माद्रिदला झाली आणि आम्ही इकडे आलो. इथे ‘एस्कुएला ओफिथिआल दे इदिओमास’ नावाच्या सरकारी भाषाशाळा असतात. माद्रिदची पहिली शाळा 1911 सालची. खासगी क्लासच्या मानाने फी बेताची, त्यामुळे प्रवेशाला झुंबड. माझ्या वर्गात बांगलादेशातून आलेला दुकानदार होता, युक्रेनच्या दोन बहिणी होत्या, मोरोक्कोचा एक गवंडी, चीनमधली एक मुलगी जिचं नखं रंगवायचं दुकान होतं. निम्म्या वर्गाचं लक्ष ‘देले’ या स्पॅनिशच्या परीक्षेच्या ए-2 पातळीवर होतं, कारण स्पेनचं नागरिकत्व मागायचं तर ती लागते. लॅटिन अमेरिकेतल्या माणसाला दोन वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो आणि भाषा त्याच्या घरचीच. आपल्याला दहा वर्षं, आणि वर ही परीक्षा.

व्यवसायांचा धडा या मंडळींना भलताच जवळचा, कारण ‘तुम्ही काय करता?’ हा प्रश्न प्रत्येक खिडकीवर विचारला जातो.

नियम ऐकायला सोपे आहेत. ‘ओ’कारान्त शब्दाचा ‘आ’ करायचा: कामारेरो-कामारेरा म्हणजे वेटर, कोथिनेरो-कोथिनेरा म्हणजे स्वयंपाकी, आबोगादो-आबोगादा म्हणजे वकील. (माद्रिदची जीभ बऱ्याच ठिकाणी ‘स’ऐवजी ‘थ’ काढते, ते सवयीचं होतं.) ‘ओर’ने संपला तर पुढे ‘आ’ जोडायचा: प्रोफेसोर-प्रोफेसोरा म्हणजे शिक्षक, कोन्दुक्तोर-कोन्दुक्तोरा म्हणजे ड्रायव्हर. आणि ‘इस्ता’ने संपला तर काहीच करायचं नाही. देन्तिस्ता, ताक्सिस्ता, पेरिओदिस्ता (पत्रकार), एलेक्त्रिथिस्ता हे पुरुषही असतात आणि बायकाही. फरक फक्त शब्दाआधी येणाऱ्या पुल्लिंगी ‘एल’ किंवा स्त्रीलिंगी ‘ला’ने कळतो. आपलं ‘पत्रकार’ कसं दोघांना चालतं, तसंच.

मराठी माणसाला लिंगभेदाचं भय नसतं. टेबल नपुंसक आणि खुर्ची स्त्रीलिंगी का, असं आपण कधी विचारत नाही. पण इथे हिशेब उलटा आहे, आणि हे मला बाईंनी नाही शिकवलं, माझं मलाच लक्षात आलं. मराठीत क्रियापद सगळं बोलून टाकतं. ‘डॉक्टर आली’ म्हटलं की झालं, ‘डॉक्टर’ला हात लावायची गरजच नाही. स्पॅनिश क्रियापद याबाबतीत मुकं. ‘त्राबाखो’ म्हणजे ‘मी काम करतो’ही आणि ‘मी काम करते’ही. ‘इया आ येगादो’ म्हणजे ‘आला’, ‘आली’, जे हवं ते. त्यामुळे बाई की बुवा, हा सगळा भार नावावर आणि त्याच्या आधीच्या छोट्या शब्दावर येऊन पडतो. म्हणून इथे लोक व्यवसायाच्या शेवटच्या स्वरावरून भांडतात. आपल्याला तेवढ्यासाठी भांडायचं कारण पडत नाही.

एक ठिकाण मात्र आपल्या सोयीचं. ‘मी इंजिनिअर आहे’ हे स्पॅनिशमध्ये ‘सोय इनखेनिएरा’, बस. मध्ये ‘एक’ घालायचा नाही. ‘चांगली इंजिनिअर’ म्हणायचं असेल तरच ‘सोय उना बुएना इनखेनिएरा’. इंग्रजीतून विचार करणारे तो ‘उना’ सगळीकडे घुसडतात. मराठीतून आलेल्याला ते सुचतच नाही.

खरी घोकंपट्टी झाली आंतोन मार्तिनच्या मंडईत. दुकानाचं नाव ‘एरिआ’ने संपतं आणि माणसाचं ‘एरो’ किंवा ‘एरा’ने: फळांच्या फ्रुतेरिआत फ्रुतेरो, माशांच्या पेस्कादेरिआत पेस्कादेरा, मटणाच्या कार्निथेरिआत कार्निथेरो, पावाच्या पानादेरिआत पानादेरा. रांगेत उभं राहायचं, ‘शेवटचं कोण?’ म्हणून ओरडून विचारायचं, आपला नंबर धरायचा आणि तोवर पाट्या वाचायच्या. मासेवाल्या बाई मला ‘गुआपा’, म्हणजे ‘सुंदरी’, म्हणून हाक मारायच्या. मी हुरळून गेले होते. मागच्या ऐंशीच्या आजींनाही त्या तेच म्हणाल्या तेव्हा उतरले.

शब्दांची मुळं शोधायचा नाद मला तिथेच लागला. गावाच्या महापौराला इथे ‘आल्काल्दे’ म्हणतात, आणि तो शब्द अरबी ‘अल-काझी’वरून आलेला. म्हणजे आपला काझी इकडे येऊन महापौर झाला. वजिराचं नशीब तेवढं बरं नव्हतं: ‘अल-वझीर’चा झाला ‘आल्गुआथिल’, कोर्टाचा हुकूम बजावणारा शिपाई. गवंडी म्हणजे ‘आल्बान्यिल’, तोही अरबीच. वर्गातला मोरोक्कोचा गवंडी हे ऐकून इतका खूश झाला की पुढचा आठवडाभर तो आम्हाला अरबीतून आलेले स्पॅनिश शब्द मोजून दाखवत होता. माझ्याकडे सांगायला पोर्तुगीजांचं भांडवल. आपला ‘पगार’ त्यांच्याकडून आलेला आणि स्पॅनिशमध्ये पैसे देणं म्हणजे ‘पागार’च. मेस्त्री पोर्तुगीज ‘मेस्त्रे’चा, इथला ‘माएस्त्रो’. मुलं सांभाळणारी आया ती इथे ‘आया’च, फक्त आता जुन्या श्रीमंत घरांच्या गोष्टींत उरलेली. गंमत म्हणजे ही ‘आया’ स्त्रीलिंगी असूनही तिला ‘ला’ लागत नाही, ‘एल आया’ म्हणतात, कारण आघात असलेल्या ‘आ’पुढे ‘ला’ त्यांच्या कानाला बोचतो. गृहिणीलाही म्हणून ‘एल आमा दे कासा’. दोघी-तिघी झाल्या की मात्र परत ‘लास आमास’.

एवढं सगळं पाठ झाल्यावर वाटलं की झालं. मग आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींशी ओळख झाली.

आजी उभं आयुष्य घरी शिवणकाम करून जगलेल्या. स्वतःबद्दल सांगताना ‘मोदिस्ता’ म्हणायच्या. वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे हा शब्द बाईला आणि पुरुषाला सारखाच चालायला हवा. मी तसं म्हटलं तर त्या हसल्याच. ‘पुरुषाला मोदिस्तो म्हणतात, इखा. मोदिस्ता टीप घालते. मोदिस्तोचं नाव दुकानावर असतं.’ (‘इखा’ म्हणजे ‘अगं मुली’.) देन्तिस्तो कोणी म्हणत नाही, ताक्सिस्तो कोणी म्हणत नाही. कपड्यांच्या धंद्यात पुरुष मोठा झाला तेवढ्यापुरता भाषेने स्वतःचा नियम वाकवला.

त्यांच्याकडे आठवड्यातून काही दिवस घरकामाला एक बाई यायच्या, एक्वादोरच्या. आजी त्यांना ‘मि आसिस्तेन्ता’ म्हणायच्या. ‘आसिस्तेन्ते’ म्हणजे सहायक, साहेबाच्या हाताखालचा माणूस. त्याचा ‘ए’ काढून ‘आ’ लावला की थेट मोलकरीण होते. त्या बाई स्वतः मात्र फॉर्मवर आणि बोलतानाही ‘एम्प्लेआदा दे ओगार’ असंच म्हणायच्या, कायद्यातला शब्द. त्यांना तो महत्त्वाचा होता. घरकाम करणाऱ्यांना स्पेनमध्ये बेकारभत्त्याचा हक्क मिळाला तो 2022 च्या शरद ऋतूत, बाकी कामगारांच्या कितीतरी नंतर. एकाच जिन्यावर एकाच कामाची दोन नावं ऐकू यायची. आजींचं मन वाईट नव्हतं. त्यांच्या काळात तोच शब्द होता.

मग मी अशा जोड्यांची एक वहीच केली. ‘गोबेर्नान्ते’ म्हणजे राज्यकर्ता, ‘गोबेर्नान्ता’ म्हणजे हॉटेलात खोल्यांच्या सफाईवर देखरेख करणारी. ‘सेक्रेतारिओ’ म्हटलं की मंत्रालयातला कोणी बडा डोळ्यांपुढे येतो, ‘सेक्रेतारिआ’ म्हटलं की फोन घेणारी. ‘बेर्दुलेरो’ भाजी विकतो, ‘बेर्दुलेरा’ भाजीही विकते, पण भांडखोर, तोंडाळ बाईलाही तेच म्हणतात. वस्तूंचा गोंधळ वेगळाच. ‘कार्तेरो’ हा पोस्टमन, ‘कार्तेरा’ ही पोस्टमनचं काम करणारी बाई आणि पैशांचं पाकीटसुद्धा. ‘मूसिको’ वादक, ‘मूसिका’ वादक बाई आणि संगीत. ‘ला पोलिथिआ’ म्हणजे महिला पोलीस की अख्खं पोलीस खातं, हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही.

‘आल्काल्देसा’ पूर्वी महापौराच्या बायकोलाही म्हणायचे, ‘कोरोनेला’ कर्नलच्या बायकोला. हे वाचून मात्र मला परकं काही वाटलं नाही. पाटलाची ती पाटलीण, मामलेदाराची मामलेदारीण. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या बायकोला सगळी सांगली डॉक्टरीणबाई म्हणायची आणि त्या तर कॉमर्स शिकलेल्या. पुढे त्याच गल्लीत खरोखरच्या एमबीबीएस बाईंनी दवाखाना घातला तेव्हा लोकांनी त्यांना ‘लेडी डॉक्टर’ असं नवं नाव काढलं, कारण जुनं आधीच कुणाच्या तरी नावावर होतं.

स्पेनमध्ये नेमकी हीच अडचण झाली, पण तिचा परिणाम उलटा झाला. ज्या बायका पहिल्यांदा मोठ्या कामांत शिरल्या त्यांतल्या अनेकींनी स्त्रीलिंगी रूप नाकारलं. ‘ला मेदिको’ म्हणवून घेणाऱ्या डॉक्टर बायका अजून भेटतात. ‘मेदिका’ कोशात आहे, व्याकरणात बसतं, पण त्यांना ते हलकं वाटतं. न्यायाधीश बाईंना ‘ला खुएथ’ आणि ‘ला खुएथा’ दोन्ही चालतं, आणि कोणतीला कोणतं आवडेल हे सांगता येत नाही. एन्फेर्मेरा म्हणजे नर्स, पेलुकेरा म्हणजे केस कापणारी, कामारेरा, अशा खालच्या पगारांच्या कामांत ‘आ’ लावायला कधी कुणाची हरकत नव्हती. पगार वाढत गेला तसा ‘आ’ अडकायला लागला, असं माझं निरीक्षण.

यावर वर्गात एकदा चांगलीच जुंपली. आमच्या बाईंनी दोन जुनी प्रकरणं काढली. 2008 साली समानता खात्याच्या मंत्री बिबिआना आइदो संसदेत ‘मिएम्ब्रास’ म्हणाल्या. ‘मिएम्ब्रो’ म्हणजे सदस्य, त्याचं त्यांनी स्त्रीलिंग केलं, आणि देशभर थट्टा झाली. 2018 साली खासदार इरेने मोन्तेरो ‘पोर्ताबोथास’ म्हणाल्या. ‘पोर्ताबोथ’ म्हणजे प्रवक्ता किंवा प्रवक्ती, दोन्हीला एकच शब्द, त्यातला ‘बोथ’ म्हणजे आवाज तर मुळातच स्त्रीलिंगी, त्याला आणखी ‘आ’ कशाला, म्हणून पुन्हा थट्टा. युक्रेनच्या थोरल्या बहिणीचं मत पडलं की हे सगळे रिकामटेकड्यांचे वाद, आधी कागदपत्रं द्या. बांगलादेशी भाऊ म्हणाले, ज्याला जे म्हणायचं ते म्हणू द्या, फक्त परीक्षेत काय लिहायचं ते सांगा. बाईंनी फळ्यावर ‘प्रेसिदेन्ता’ लिहिलं. हा शब्द स्पेनच्या शाही भाषा अकादमीच्या कोशात 1803 पासून आहे. तरीही आज लोक ‘नवीन फॅड’ म्हणून त्यावर डोळे फिरवतात. अकादमी 1713 ची, आणि तिथे पहिली बाई, कवयित्री कार्मेन कोन्दे, निवडून आली 1978 साली. या दोन सालांमधलं अंतर बाईंनी आम्हाला मोजायला लावलं आणि विषय बंद केला.

पुरुषांचीही फरफट होतेच. सुईण म्हणजे ‘मात्रोना’. पुरुष या कामात आले तेव्हा त्यांना काय म्हणायचं, तर ‘मात्रोन’. हवाई सुंदरी ‘आथाफाता’, हा मुळात राणीच्या दासीचा शब्द, त्याचा ‘आथाफातो’ झाला. विमान कंपन्या दोन्ही टाळून ‘केबिन कर्मचारी’ अशा अर्थाचं लांबलचक नाव वापरतात.

परीक्षेला मीही बसले, नागरिकत्वासाठी नव्हे तर अर्जाला जोडायला एखादं प्रमाणपत्र हवं म्हणून. तोंडी परीक्षेत एक फोटो देतात आणि त्याचं वर्णन करायला सांगतात, मग त्याच प्रसंगातला एक माणूस होऊन परीक्षकाशी बोलायचं. माझ्या वाट्याला न्हाव्याचं दुकान आलं, केस कापणारी बाई आणि खुर्चीत एक आजोबा. पेलुकेरा, क्लिएन्ते, कात्रीचे शब्द, सगळं मंडईच्या रांगेत पाठ झालेलं. वाचन-लेखनाचा एक गट, ऐकण्या-बोलण्याचा दुसरा, प्रत्येकी 50 पैकी 30 लागतात. निकाल आला, ‘आप्तो’, म्हणजे पात्र. बाईमाणसालाही ‘आप्तो’च. वर्गातल्या चिनी मुलीने तो फोनवर दाखवत ‘आप्ता, आप्ता’ म्हणून नाच केला.

नोकरी शोधायला लागल्यावर जाहिरातींची भाषा समोर आली. ‘कामारेरो’पुढे तिरकी रेघ मारून ‘आ’. काही जण ईमेल पत्त्यातलं ते गोल चिन्ह शब्दाच्या शेवटी टाकतात, कारण त्यात ‘ओ’ आणि ‘आ’ दोन्ही दिसतात; वाचून कसं दाखवायचं ते ज्याचं त्याने बघावं. कायद्याने जाहिरात दोघांसाठी खुली असावी लागते, तरी दुकानाच्या काचेवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत ‘देपेन्दिएन्ता पाहिजे’ असं सरळ स्त्रीलिंगी दिसायचं. विक्रीला मुलगीच हवी, हे तेवढ्या ‘आ’त कळतं. एकदा वडिलांना फोनवर म्हटलं, सध्या ‘बेकारिओ’च्या जागा निघाल्यात. ते गंभीर होऊन म्हणाले, ‘बेकार तर तू आत्ताही आहेस, त्यासाठी अर्ज कशाला?’ बेकारिओ म्हणजे शिकाऊ उमेदवार. पगार बघता वडील फार चुकले नव्हते.

शेवटी एका छोट्या सल्लागार कंपनीत लागले, पुलांच्या दुरुस्तीची पाहणी करणाऱ्या. साइटवर पोचल्यावर पुस्तकातला प्लंबर पहिला गेला. स्पेनमध्ये तो ‘फोन्तानेरो’. आमच्या टोळीतला पेरूचा माणूस त्याला ‘गासफितेरो’ म्हणायचा, मेक्सिकोचा ‘प्लोमेरो’. वेटरचंही तेच: इथे कामारेरो, मेक्सिकोत मेसेरो, अर्जेंटिनात मोसो. जेवायच्या सुट्टीत हे सगळे एकाच टेबलावर बसून एकाच माणसाला तीन नावांनी हाका मारायचे आणि तो तिघांनाही ओ द्यायचा. मला तिथे ‘खेफा’ म्हणतात, साहेबीण म्हणा हवं तर. फार मनाला लावून घ्यायचं नाही. बारवाला गिऱ्हाइकालाही ‘खेफे’ म्हणतो आणि गिऱ्हाईक बारवाल्यालाही.

आमच्या पदवीचं इथलं पूर्ण नाव राजेशाही आहे: ‘रस्ते, कालवे आणि बंदरांचा इंजिनिअर’. बायका या क्षेत्रात उशिरा आल्या. पिलार कारेआगा ही स्पेनमधली पहिली महिला इंजिनिअर, औद्योगिक शाखेची, 1929 ची पदवीधर. हीच बाई पुढे 1969 मध्ये बिल्बाओची आल्काल्देसा झाली, कुणाची बायको म्हणून नव्हे. पण पदव्यांच्या कागदावर बाईला बाई म्हणायला शिक्षण खात्याला मार्च 1995 चा आदेश काढावा लागला. त्याआधी मुलींच्या हातात पडणाऱ्या प्रमाणपत्रावर ‘इनखेनिएरो’, ‘आर्कितेक्तो’ असंच छापलेलं असायचं.

हे मला कळलं ते व्हिजिटिंग कार्डांमुळे. ऑफिसने सगळ्यांची नवी कार्डं छापायला टाकली आणि नमुना तपासायला दिला. पुरुषांचं ठीक होतं. आम्हा तिघींच्या कार्डांवरही ‘इनखेनिएरो’ आलं होतं. मी आणि माझ्याहून लहान असलेली सेबियाची मुलगी, दोघींनी खोडून ‘इनखेनिएरा’ लिहिलं. तिसऱ्या आमच्या विभागप्रमुख, पन्नाशी ओलांडलेल्या, पुलांच्या बेअरिंगवर त्यांच्याइतकं कळणारं आमच्या ऑफिसात कुणी नाही. त्यांनी नमुन्यावर सही केली आणि तसाच परत दिला. मला वाटलं, नजरेतून सुटलं. म्हणून विचारलं.

‘माझ्या पदवीवर इनखेनिएरो आहे,’ त्या म्हणाल्या. ‘वर्गात दोनशे मुलगे आणि आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तो ‘ओ’ मी त्यांच्याकडून मिळवलाय, आता सोडायचा नाही. तू तुझा ‘आ’ ठेव.’

सेबियाच्या मुलीला हे अजिबात पटलं नाही आणि जेवणाच्या टेबलावर तिने ते त्यांना सुनावलंही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मीठ मागितलं. कार्डं जशी सांगितली तशी छापून आली. बैठकीचा वृत्तांत लिहायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे नवीन बाई बैठकीला आली की सही घेताना मी आता विचारून घेते, ‘तुमचं पद कसं लिहू?’ गेल्या बैठकीला नगरपालिकेच्या आर्किटेक्ट बाई होत्या. त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि ‘आर्कितेक्ता’ असं स्वतःच लिहून दिलं, शेवटचा ‘आ’ चांगला मोठा काढून.